पाणी ओढलेले इंजिन

पुराच्या पाण्यातून गेलेल्या मोटारीचे इंजिन दोन रीतींनी बिघडते. एका रीतीत पाणी बाहेरच्या विद्युत भागांवर बसते, ठिणगी मरते आणि इंजिन थांबते. ते भाग वाळले की इंजिन पुन्हा चालू होते. दुसऱ्या रीतीत पाणी हवेच्या वाटेने थेट सिलिंडरात शिरते आणि वर येणाऱ्या पिस्टनला अडवते. असे इंजिन थांबते ते बहुधा मोडूनच. गॅरेजमध्ये या दुसऱ्या बिघाडाला ‘इंजिनाने पाणी ओढले’ असे म्हणतात. मुंबईत मोटारी आल्यापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पावसाळ्यातला नेहमीचा बिघाड पहिल्या प्रकारचा होता आणि त्यावरचा उपाय होता गाडी कशीबशी पुन्हा सुरू करणे. एकविसाव्या शतकात दुसरा बिघाड पुढे आला आणि जुना उपाय घातक ठरू लागला. हा बदल इंजिनाच्या रचनेमुळे घडला, २६ जुलै २००५ च्या पुराने तो सर्वांच्या नजरेस आणला आणि त्यातून मिस्त्रींची कामाची पद्धत, विम्याचे नियम आणि मोटारमालकांच्या सवयी बदलल्या.

वाफेच्या काळातील धडा

सिलिंडरात अडकलेल्या पाण्याशी यंत्रविद्येची ओळख मोटारीच्या आधीची आहे. वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर थंड असताना आत आलेल्या वाफेचे पाणी होते. वाफ दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे पिस्टन आणि सिलिंडरचे झाकण यांच्यामध्ये पाणी उरले, तर झाकण फुटते किंवा पिस्टनचा दांडा वाकतो. हे टाळण्यासाठी सिलिंडरच्या तळाशी निचऱ्याचे कॉक बसवत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी आगगाडी निघाली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ भारतातील वाफेच्या इंजिनांच्या ड्रायव्हरांनी हा नियम पाळला. गाडी सुटताना इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी जमिनीलगत उडणारे पांढरे फवारे या निचऱ्याचेच होते. काही फेऱ्या झाल्या, सिलिंडर तापला, की ड्रायव्हर कॉक बंद करी.

विमानांच्या गोलाकार मांडणीच्या पिस्टन इंजिनांतही हाच धोका होता. विमान उभे असताना खालच्या सिलिंडरांत तेल झिरपून साचे. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने काही फेऱ्या फिरवण्याची पद्धत पडली. पंखा मध्येच अडला तर जोर लावायचा नाही. खालचे स्पार्क प्लग काढून तेल वाहू द्यायचे आणि मगच पुढे जायचे. अडलेले यंत्र बळाने फिरवू नये आणि आत काही साचले आहे का हे आधी हाताने पाहावे, हे दोन नियम मोटारीच्या मिस्त्रींना पुढे नव्याने शिकावे लागले.

मोटारीच्या इंजिनात किती पाणी पुरते, याचा हिशेब सोपा आहे. पिस्टन सर्वांत वर आल्यावर त्याच्या माथ्यावर थोडी पोकळी उरते. १,२०० घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० घन सेंटिमीटर येतात. दाबाचे गुणोत्तर १०:१ असेल, तर वर उरणारी पोकळी सुमारे ३३ घन सेंटिमीटर भरते. म्हणजे दोन मोठ्या चमच्यांहून थोडे अधिक पाणी आत गेले, तरी पिस्टनला वर येण्यास जागा राहत नाही. डिझेल इंजिनात दाबाचे गुणोत्तर जास्त असल्याने ही जागा आणखी कमी. भारतात अनेक छोट्या मोटारींत बसलेल्या १,२४८ घन सेंटिमीटरच्या डिझेल इंजिनाचे गुणोत्तर १७.६:१ आहे, त्यात ती जेमतेम १९ घन सेंटिमीटर उरते. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला ३३ वेळा वर येतो. त्या वेगात पिस्टन पाण्यावर आदळला की सगळा भार पिस्टन आणि क्रँकशाफ्ट यांना जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड वाकतो, फार जोराचा आघात असेल तर तो तुटतो आणि त्याचे टोक ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येते.

फियाट, अँबॅसिडर आणि ओली ठिणगी

मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. हे शहर सात बेटांमधली खाडी भरून झालेले आहे. अनेक सखल भाग भरतीच्या पातळीच्या आसपासच आहेत. जोरदार पाऊस आणि भरती एका वेळी आली की नाल्यांचे पाणी समुद्रात जात नाही, उलट मागे फुगते. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावे पावसाळ्याच्या बातम्यांतून पिढ्यान्पिढ्या येत राहिली आहेत. जुन्या पर्जन्यजल वाहिन्यांची क्षमता ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पावसाची होती. ती दुप्पट करण्याची शिफारस ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९३ च्या अहवालाने केली, पण पुढची बारा वर्षे काम फारसे सरकले नाही.

या रस्त्यांवर चार दशके राज्य केले ते फियाट आणि अँबॅसिडरने. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होई. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने २०२३ पर्यंत मुंबईत दिसत राहिली. या गाड्यांच्या इंजिनात ठिणगीची वाटणी डिस्ट्रिब्युटर करी. त्याच्या टोपीतून जाड तारा प्रत्येक प्लगपर्यंत जात. हजारो व्होल्टचा हा प्रवाह टोपीवरच्या किंवा तारांवरच्या ओलाव्यातून भलत्याच वाटेने निघून जाई आणि प्लगला ठिणगी मिळत नसे. रेडिएटरमागचा पंखा पट्ट्यावर सतत फिरे; गाडी पाण्यात शिरली की त्याची पाती पाणी उडवत आणि ते नेमके डिस्ट्रिब्युटरवर पडे. इंजिन ठसके देई, एखादा सिलिंडर सोडी आणि गुडघाभर पाण्यातच बंद पडे.

हा वैताग इंजिनाच्या पथ्यावर पडत असे. कार्बोरेटरवरच्या एअर फिल्टरचा डबा इंजिनाच्या माथ्यावर, बॉनेटच्या लगत असे. पाणी तिथवर चढण्याच्या कितीतरी आधी ठिणगी मरे. मुळात फियाटच्या १,०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनात दाबाचे गुणोत्तर साडेसातच्या आसपास होते, त्यामुळे पिस्टनच्या माथ्यावरची पोकळी चाळीस घन सेंटिमीटरच्या पुढे जाई. पाणी ओढून रॉड वाकण्याचे प्रसंग त्या काळात क्वचितच येत.

या बिघाडाभोवती एक साधी कारागिरी उभी राहिली. पाऊस मोठा दिसला की टॅक्सीवाले डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी बांधत. पुढे खोल पाणी असेल तर काही जण पंख्याचा पट्टाच उतरवत. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि डायनॅमोही चाले, म्हणून तेवढा टप्पा ओलांडला की पट्टा लगेच परत चढवावा लागे. पाण्यात पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला आणि रेस धरलेली, म्हणजे सायलेन्सरमध्ये पाणी शिरत नाही, हे प्रत्येक ड्रायव्हरला पाठ होते. गाडी बंद पडलीच तर टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसायची, प्लग काढून फुंकायचे, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट साफ करायचे. अँबॅसिडरला पुढून हँडल मारता येई. बॅटरी उतरली असेल तर चार माणसे धक्का देत आणि ड्रायव्हर दुसऱ्या गिअरवर क्लच सोडी. पाणी तुंबणाऱ्या चौकांत गाड्या ढकलून देणारी पोरे पावसाळ्याचे चार पैसे यावरच मिळवत. हे सारे कसब एका गृहीतकावर उभे होते: बंद पडलेले इंजिन आतून शाबूत आहे आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितके बरे.

इंजिन बदलले

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिच्या पाठोपाठ पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या मोटारींचा जमाना सुरू झाला. रेडिएटरचा पंखा विजेवर गेला. खरा फरक पडला तो २००० च्या आसपास. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि पेट्रोल मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार झाला. त्याच्या जागी इंधन फवारणी आणि तिचे नियंत्रण करणारा संगणक आला, ज्याला गॅरेजमध्ये ‘ईसीएम’ म्हणतात. डिस्ट्रिब्युटर जाऊन सीलबंद कॉइल आल्या. जोडण्यांना रबरी सील बसले. ओलाव्याने ठिणगी मरण्याचा प्रकार जवळजवळ संपला.

त्याच वेळी हवा घेण्याची जागा खाली आली. थंड हवा अधिक दाट असते आणि तिच्याबरोबर सिलिंडरात अधिक ऑक्सिजन जातो, म्हणून इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, हेडलाइटमागे किंवा जाळीच्या वरच्या काठाशी हवेचे तोंड ठेवण्यात येऊ लागले. तिथून एक प्लास्टिकची नळी एअर फिल्टरच्या डब्याकडे जाते. गाडी साचलेल्या पाण्यात वेगाने शिरली की नाकासमोर लाट उठते आणि ती स्थिर पाण्यापेक्षा बरीच उंच असते. शेजारून बस किंवा ट्रक गेला तर त्याची लाट वेगळीच. पाणी बंपरपर्यंत आहे असे वाटत असताना हवेचे तोंड क्षणभर बुडते आणि तेवढ्यात इंजिन पाणी ओढते.

डिझेल मोटारींना ठिणगीचा प्रश्न कधीच नव्हता. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते, त्यामुळे बाहेरून कितीही भिजले तरी इंजिन चालत राहते. जुन्या ट्रकांच्या आणि जीपच्या हवेच्या वाटा उंचावर असल्याने हा गुण पुरात कामी येई. २००० नंतरच्या दशकात छोट्या मोटारींत टर्बो आणि उच्चदाब फवारणीची डिझेल इंजिने आली, तेव्हा चिवट इंजिन आणि खालचे हवेचे तोंड हे दोन्ही एकत्र आले.

जुने इंजिन पाण्याला घाबरून आधीच थांबत होते. नवे इंजिन पाणी पोटात जाईपर्यंत थांबत नाही. अशा इंजिनात रेस धरून पाणी कापण्याची जुनी सवय लाट उंच करते आणि हवेचा ओढाही वाढवते. बंद पडल्यावर पुन्हा स्टार्टर मारणे, धक्का देणे म्हणजे पाण्याने भरलेल्या सिलिंडरात पिस्टन बळाने वर ढकलणे.

२६ जुलै २००५

मंगळवार, २६ जुलै २००५ रोजी दुपारी दोनच्या सुमारास मुंबईच्या उपनगरांत पाऊस कोसळू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली; कुलाब्यात ती ७४ मिलिमीटरच्या आसपास होती. त्याच दुपारी मोठी भरती होती. विहार आणि पवईच्या सांडव्यांतून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी पात्र सोडून वाहू लागली. कुर्ला, कलिना, साकीनाका, वांद्रे-कुर्ला संकुल हे भाग पाण्याखाली गेले. विमानतळ तीस तासांहून अधिक काळ बंद राहिला. मुंबईत शेकडो माणसे दगावली.

पाणी चढले ते कार्यालये सुटण्याच्या वेळी, रस्ते वाहनांनी भरलेले असताना. त्या काळी प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार ३७,००० रिक्षा, ४,००० टॅक्सी आणि बेस्टच्या ९०० बसगाड्यांचे नुकसान झाले. खासगी मोटारी त्याहून वेगळ्या. काही माणसे बंद गाडीतच गुदमरून गेली. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नव्हते आणि विजेवर चालणाऱ्या काचा व कुलपे बंद पडली होती. पावसाळ्यात गाडीत हातोडी ठेवावी, हा सल्ला मुंबईत रुजला तो तेव्हापासून. इंजिन वाचवण्याचा विचार माणूस सुखरूप बाहेर पडल्यानंतरचा, हा क्रमही त्या दिवसाने शिकवला.

पाणी ओसरल्यावर गॅरेजांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या. तेव्हा वाहनांच्या तीन पिढ्या शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि त्यांतला फरक मिस्त्रींच्या हाताला थेट जाणवला. रिक्षाचे एक सिलिंडरचे साधे इंजिन प्लग काढून हाताने फिरवले की पाणी बाहेर उडे. प्लग, तारा आणि कार्बोरेटर सुकवून ती लवकर धंद्याला लागे. फियाट टॅक्सीला ऑइल बदलणे, डायनॅमो आणि स्टार्टर खोलणे पुरे पडे. नव्या मोटारींचे मात्र तसे नव्हते. त्यांचे संगणक डॅशबोर्डखाली किंवा आसनाजवळ बुडाले होते, वायरिंगच्या जुडग्यांत गाळ शिरला होता, आणि ज्यांच्या मालकांनी अडकल्या जागी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर मारून पाहिला होता त्यांच्या इंजिनांचे रॉड वाकले होते.

सुट्या भागांचा बाजारही यातून सुटला नाही. जुन्या गाड्या मोडून त्यांचे भाग विकणारी दुकाने कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर दाटीने आहेत आणि हा रस्ता मिठीच्या काठाजवळच आहे. जिथे जाऊन स्टार्टर, अल्टरनेटर आणि अर्धी इंजिने शोधायची, तोच भाग पाण्याखाली गेला होता.

या पुराच्या चौकशीसाठी राज्य सरकारने जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण झाले. समुद्राकाठी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी मोठी उदंचन केंद्रे उभी राहिली. पुढे मिलन सबवेजवळ रेल्वेमार्गावरून उड्डाणपूल झाला आणि हिंदमाताचे पाणी साठवण्यासाठी मैदानांखाली टाक्या बांधण्यात आल्या. तरीही २९ ऑगस्ट २०१७ रोजी सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा रस्ते पुन्हा बुडाले आणि मोटारी पुन्हा पाण्यात अडकल्या.

दुरुस्तीची रीत

२००५ नंतर मुंबईच्या गॅरेजांत आणि कंपन्यांच्या सेवाकेंद्रांत कामाचा एक क्रम पक्का झाला. त्याची पहिली पायरी मालकाची आहे: किल्ली फिरवायची नाही, धक्का द्यायचा नाही, जमल्यास बॅटरीची ऋण तार सोडायची. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ओढून न्यायची तर पुढची चाके उचलून. स्वयंचलित गिअरची असेल तर सपाट गाडीवर चढवून. चाके जमिनीवर ठेवून गिअरमध्ये ओढली तर इंजिन फिरते आणि जे टाळायचे तेच घडते.

गॅरेजमध्ये आल्यावर मिस्त्री आधी एअर फिल्टरचा डबा उघडतो. कागदी फिल्टर कोरडा असेल तर इंजिनाने पाणी ओढलेले नाही, असे बहुतेक वेळा म्हणता येते. तो भिजून आक्रसलेला असेल किंवा डब्यात गाळ असेल तर काम मोठे आहे हे कळते. मग ऑइलची पट्टी काढून पाहतात. ऑइलची पातळी वाढलेली आणि रंग दुधाळ झाला असेल तर ऑइलच्या चेंबरमध्ये पाणी आहे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते. चेंबरचा नट सैल केला की आधी पाणी येते, मागून तेल.

यानंतर पेट्रोल इंजिनाचे स्पार्क प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढतात. वाट मोकळी झाल्यावर क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने, सावकाश फिरवतात. सिलिंडरातले पाणी त्या भोकांतून बाहेर उडते. पाना अडला तर जोर न लावता तिथेच थांबतात. इंजिन मोकळे फिरले की सिलिंडरात थोडे ऑइल सोडतात, म्हणजे गंज धरत नाही. जुने ऑइल आणि फिल्टर काढून स्वस्त ऑइल भरतात, इंजिन थोडा वेळ चालवून तेही काढतात आणि दुधाळपणा जाईपर्यंत हे करतात. गिअर ऑइल, ब्रेकचे तेल आणि इंधनाची टाकी तपासली जाते. स्टार्टर आणि अल्टरनेटर उतरवून उघडतात व सुकवतात. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची क्लच प्लेट गंजाने चिकटलेली असते. तीही सोडवावी लागते.

इंजिन सुरू झाले म्हणजे धोका टळला असे नसते. थोडा वाकलेला रॉड घेऊनही इंजिन चालते. वाकल्यामुळे रॉडची लांबी कमी होते, पिस्टन पूर्ण वर येत नाही आणि त्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा कमी भरतो. म्हणून दाब मोजणे ही कसोटी महत्त्वाची ठरली. ती टाळली तर काही हजार किलोमीटरनंतर रॉड तुटून ब्लॉक फुटू शकतो आणि तेव्हा पुराशी त्याचा संबंध सिद्ध करणे अवघड होते.

दाब कमी निघाला तर इंजिन उतरवतात. सिलिंडर हेड खोलून, पिस्टन आणि रॉड बाहेर काढून वाक तपासतात. वाकलेला रॉड सरळ करून वापरणे धोक्याचे, तो बदलावाच लागतो. सिलिंडरला ओरखडे असतील तर ब्लॉक मशीनशॉपमध्ये बोअरिंग-होनिंगला जातो, हेडला फेसिंग होते, क्रँक तपासून बेअरिंग नवी बसतात. ब्लॉकलाच भोक पडले असेल तर ‘हाफ इंजिन’, म्हणजे ब्लॉक, क्रँक, रॉड आणि पिस्टन यांचा तयार संच बसवतात.

या सगळ्यात विजेच्या कामाची जागा मोठी झाली. पूर्वी पावसाळी दुरुस्ती म्हणजे फिटरचे काम होते. आता इंजिन वाचले तरी वायरमन आठवडाभर गाडीत बसलेला असतो. जोडण्यांच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो आणि तो महिनोन्महिने आत सरकत राहतो. खाडीचे खारे पाणी असेल तर गंज कितीतरी वेगाने पसरतो. म्हणून गालिचे, आसने आणि डॅशबोर्ड उतरवून प्रत्येक जोडणी धुणे व सुकवणे हे कामाचा भाग झाले.

विम्याचा वाद

मोटारविमा भारतात सक्तीचा झाला तो १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या तरतुदींनुसार, १९४६ पासून. पण ही सक्ती तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरती होती. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा सर्वसमावेशक विमा ऐच्छिक राहिला. त्यात पूर, वादळ आणि जलमय स्थिती यांनी होणारे नुकसान स्पष्ट शब्दांत समाविष्ट होते. त्याचबरोबर यांत्रिक किंवा विद्युत बिघाड, झीज आणि परिणामजन्य नुकसान वगळलेले होते. आणखी एक अट अशी की, अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवली तर वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी मालकाची.

फियाटच्या काळात या अटींना पुराच्या संदर्भात फारसे महत्त्व नव्हते. पाणी ओढलेल्या इंजिनाने त्या कळीच्या केल्या. गाडी पाण्यात बुडाली हा पूर. पण नंतर किल्ली फिरवल्यामुळे रॉड वाकला तर तो पुराचा परिणाम की मालकाच्या कृतीचा? विमा कंपन्यांच्या सर्वेक्षकांनी सफाई, ऑइल, वायरिंग आणि आसने यांचा खर्च मान्य करून इंजिनाच्या आतल्या कामाचा खर्च नाकारायला सुरुवात केली. मालकांचे म्हणणे असे की, पाणी आलेच नसते तर इंजिन मोडलेच नसते. असे दावे ग्राहक मंचांपुढे गेले आणि प्रत्येक प्रकरणातल्या पुराव्यांवर निर्णय अवलंबून राहिले. मालकांचा युक्तिवाद साधा आणि वजनदार होता. रस्त्यात अडकलेल्या माणसाने गाडी बाहेर काढण्यासाठी किल्ली फिरवणे ही चार दशकांची शिकवण होती; ती चुकीची ठरली आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

२००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकाने विमा हप्त्यांचे दर आणि पॉलिसीची भाषा ठरवून दिली होती. २००७ पासून दर खुले झाले आणि २००९ पासून मूळ पॉलिसीला जोड संरक्षणे देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. त्यातून ‘इंजिन प्रोटेक्ट’ ही जोड बाजारात आली. वेगळा हप्ता भरला तर पाणी शिरून अडलेल्या इंजिनाच्या अंतर्गत भागांचा खर्च ती देते. तीही सहसा नव्या गाड्यांनाच मिळते आणि पाणी साचल्याचा पुरावा व वेळेवर सूचना या अटी तिला असतात. मूळ पॉलिसीतल्या इतर तरतुदी पूरग्रस्त गाडीला तशाच लागू होतात: रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि दुरुस्तीचा एकूण खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर ती दुरुस्तीपलीकडची धरून पूर्ण नुकसानीचा दावा मंजूर होतो. छतापर्यंत बुडालेल्या मोटारींचा शेवट बहुधा असाच होतो.

मुंबईबाहेर

मुंबईत पक्का झालेला क्रम पुढच्या पुरांत इतरत्र पोहोचला. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीच्या पुराने चेन्नईत असंख्य मोटारी बुडाल्या. तोवर मोटार कंपन्या तयार होत्या. गाडी सुरू करू नका अशा सूचना त्यांनी ग्राहकांना धाडल्या आणि ओढून आणण्यासाठी जादा वाहने नेमली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांच्या पुरात सांगली-कोल्हापूर बुडाले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद राहिला. इथे शिस्त मुंबईहून येण्याची गरज नव्हती. नदीकाठच्या शेतकऱ्याला पाणी चढू लागले की पंपाची मोटार वर काढायची आणि बुडालेली मोटार उघडून सुकवल्याशिवाय बटण दाबायचे नाही हे ठाऊक असते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या दिवसांपासून बोअरिंग आणि क्रँकचे काम करणारे कारागीर आहेत. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणच्या बाजारपेठेत माणसाच्या उंचीहून अधिक पाणी चढले. तिथे पाणी इतक्या वेगाने आले की बहुतेक गाड्या उभ्या जागीच बुडाल्या. चालत्या इंजिनाने पाणी ओढण्याचे प्रकार कमी होते, पण गाळ आणि वायरिंगचे नुकसान प्रचंड होते.

प्रत्येक मोठ्या पुरानंतर बुडालेल्या गाड्यांचा एक बाजार उभा राहतो. विमा कंपन्या पूर्ण नुकसानीच्या गाड्या लिलावात विकतात, त्या दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येतात. गाडी पुरात बुडाली होती ही नोंद तिच्या नोंदणीपुस्तकात नसते. म्हणून जुनी गाडी घेणारे जाणकार आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते पाहतात, स्टेपनीच्या खळग्यात आणि गालिच्याखाली हात घालतात, आसनांच्या नटांवर गंज शोधतात. विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागवणे हा याहून खात्रीचा मार्ग आहे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींनी या इतिहासाला नवे वळण दिले आहे. त्यांना सिलिंडर नाहीत, हवा ओढणारे तोंड नाही, त्यामुळे पाणी ओढून मोडण्याचा प्रश्नच नाही. त्यांचे बॅटरी संच बहुधा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतील अशा मानकाला अनुसरून सीलबंद असतात. पण पुराचे पाणी तासन्तास राहते, आणि खाऱ्या पाण्याने संचाच्या आत गंज धरला तर पुढे काही दिवसांनीही आग लागू शकते. २०२२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात ‘इयान’ चक्रीवादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या अशा गाड्यांना आगी लागल्या. म्हणून बुडालेली विजेची गाडी चार्जिंगला लावायची नाही, इमारतीपासून आणि इतर वाहनांपासून दूर उभी करायची आणि प्रशिक्षित माणसानेच उघडायची, असा नियम झाला आहे. यंत्र बदलले तरी पहिली पायरी तीच राहिली आहे: पाण्यातून आलेल्या गाडीला आत काय झाले हे कळेपर्यंत चालू करायचे नाही.